कान गळलेला कप

आईचा फोन नंबर बंद करायला ती मोबाईल कंपनीच्या दुकानातल्या रांगेत उभी होती. पुढे एक वयस्कर जोडपं होतं.

“कुंभारकामाचा तो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आज बंदच करतो. दोनशे माणसं, आणि महिनाभर कोणी चकार शब्द काढत नाही.”

“तुम्ही काय टाकता त्यावर?”

“माझ्या उत्तम भांड्यांचे फोटो.”

“मग लोक अंगठा दाखवून जाणारच. परवा ज्याचा कान गळून पडला, त्या कपाचा फोटो टाका.”

“चाळीस वर्षं चाक फिरवलंय मी. अब्रू जाईल.”

“जाऊ दे थोडी. लिहा, कान का गळला असेल?”

“मला माहीत आहे की. वाळलेल्या कपाला ओला कान लावला.”

“माहीत असू दे. जरा अडाणी व्हा. घरी जमतं की तुम्हाला.”

त्यांनी फोटो टाकला. थोड्या वेळाने फोन वाजला, मग वाजतच राहिला.

“काय म्हणतायत?”

“एकीचे सहा कान गळलेत. आणि हा शहाणा मलाच चुकीचं कारण सांगतोय. थांब, त्याला सांगतो.”

“सांगू नका हो. विचारा.”

तिला राहवलं नाही. “काका, न भाजलेलं भांडं वर्षभर तसंच राहिलं, तर आता भाजता येतं?”

“कोणाचं?”

“आईचं. शेवटचं.”

काकांनी तोंड उघडलं. काकूंनी त्यांच्या दंडावर हात ठेवला. “इथे नको. ग्रुपवर विचारू दे तिला. नंबर सांग गं.”

तिने आईचा नंबर सांगितला.