खोक्यात केळी नव्हती

...नाही, मला एक सांगा, गोधडी मागवल्यावर खोक्यातून गोधडी निघणार की केळी? सांगा ना. मी गणिताची एम.एस्सी. आहे, तरी मला हे सुटेना म्हणून तुम्हाला विचारते. पिंपळनेरच्या यशोदाबाईंनी माझी गोधडी घेतली, लिलावात घेतली, बाकीच्या बायकांच्या बोलीवर बोली चढवून घेतली, पार्सल पोचलं, गोधडी आवडली, आणि त्यांनी मला दिला एक तारा. पाचातला एक. खाली अभिप्राय: ‘खोक्यावर केळी आहेत. आत केळी नाहीत.’ संपलं. आता हे वाचून माणसाने करायचं काय... माफी मागायची?

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल बाई बाळंतपणातून अजून सावरली नाही. सासूबाईंना तसं वाटतंच.

तर मी दिपमाला. जळगावात राहते. आमची छोटी आठ महिन्यांची, आणि ती झोपली की मी गोधड्या शिवते. लहान बाळांच्या, जुन्या सुती साड्यांच्या, मऊ. प्रत्येक गोधडी वेगळी, मग किंमत काय लावायची? म्हणून एका लिलावाच्या ॲपवर दुकान उघडलं. आपण फोटो टाकायचा, लोकांनी बोली लावायची, ज्याची बोली मोठी त्याला गोधडी, पोस्टेज वेगळं. आता छोटी झोपली म्हणजे काय, मी चार टाके घालते, उठते, तिच्या नाकाशी बोट धरून बघते श्वास चालू आहे ना, असतो, मग परत चार टाके. एका गोधडीत किती वेळा श्वास तपासलाय त्याचे पैसे मी कधी कुणाला लावले नाहीत. आणि पोस्टेज तर मी खातच नाही हो. कुरियरवाला जेवढं मागेल तेवढंच गिऱ्हाइकाला लावते.

हे मी आमच्या शेजारच्या पुष्पाबाईंना अभिमानाने सांगितलं. त्या त्याच ॲपवर साड्या विकतात. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी मीठ न घालता भरीत केलंय. म्हणाल्या, “अगं दिपमाला, बोली एक रुपयापासून लाव आणि पोस्टेजमध्ये काढून घे. गिऱ्हाईक बोलीकडे बघतं, पोस्टेजकडे बघतं का?” मी म्हटलं, वहिनी, हे बरोबर नाही. म्हणाल्या, “बरोबर नाहीच आहे, पण माझे तारे बघ.” बघितले. पावणेपाच. आणि खाली गिऱ्हाइकांनी लिहिलंय, ‘प्रामाणिक विक्रेती.’ मी घरी आले आणि छोटीचा श्वास तपासला.

तर गोधडी पाठवायला खोकं लागतं. ते विकत घ्यायचं म्हणजे त्याचा खर्च गिऱ्हाइकावर, आणि मी तर न्यायाने चालणारी. माझा भाऊ समाधान रावेरला केळीच्या पॅकिंगवर आहे. तिथे खोक्यांना काय तोटा? एखादं कडेला चेपलं की बाजूला टाकतात. त्याने गठ्ठाभर पाठवून दिली. मोठी, मजबूत, हवा खेळायला भोकं, आणि वर पिवळ्याधमक केळ्यांच्या अख्ख्या फणीचा फोटो, असा की बघूनच भूक लागावी. आत गोधडी ठेवली की ती एवढीशी दिसायची, रिकाम्या वर्गात एकच मुलगी बसल्यासारखी. म्हणून मी भोवती वर्तमानपत्रं कोंबायचे. किती ती काळजी घेतली मी. खोकं फुकट, कागद फुकट, गिऱ्हाइकाला भुर्दंड नको.

आणि तरी कुरियरचा आकडा यायचा तो गोधडीला लाजवेल असा. ईश्वर नावाचा पोरगा पार्सल न्यायला यायचा, खोकं उचलायचा, “हलकंय,” म्हणायचा, टेपने मापं घ्यायचा आणि दहा किलोचं भाडं लावायचा. मला वाटायचं, पिंपळनेर लांब आहे, असेल. धुळे तर जवळ आहे. मग मला वाटायचं, धुळ्याला रस्त्याचं काम चालू आहे, असेल. मी कारणं शोधत होते, कारण भांडायची मला भीती वाटते, आणि भांडले तर छोटी उठेल अशी दुसरी भीती.

शेवटी एकदा पावती नीट वाचली. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची. अहो, ते वजन मोजतच नव्हते, खोक्याचं घनफळ मोजत होते, जास्त जागा अडवली की जास्त भाडं. घनफळ! लग्नाआधी मी क्लासमध्ये आठवीच्या पोरांना घनफळ शिकवायचे. ‘मुलांनो, हे सूत्र आयुष्यात उपयोगी पडेल.’ पडलं ना. कित्येक दिवस मी खानदेशात गावोगाव हवा पाठवत होते, आणि त्या हवेचं भाडं लोकांकडून घेत होते. पोस्टेज मी खाल्लं नाही, पण लोकांचं गेलं ते गेलंच.

मग लगेच सुधारले. लहान खोकं घरात कुठलं? डायपरचं. तान्ह्या बाळाच्या घरात दुसरं काही नसलं तरी डायपरचं खोकं असतं. मापात बसलं, भाडं एकदम उतरलं, मी खूश. ती गोधडी गेली धुळ्याच्या बन्सीलाल नावाच्या गृहस्थांकडे. त्यांनी पुतणीच्या बारशाला भेट म्हणून घेतली होती. त्यांचा अभिप्राय मला तोंडपाठ आहे: ‘पोस्टेज योग्य. परंतु बारशाच्या मांडवात सर्वांदेखत डायपर दिल्याचा समज झाला. वहिनी अजून बोलत नाहीत.’ दोन तारे.

आता तुम्ही म्हणाल, दोन ताऱ्यांनी काय होतं? होतं ना. ॲपचा नियम आहे, महिनाअखेर सरासरी चाराच्या खाली गेली की दुकान बंद. माझी गेलेली. आणि घरचा नियमही तोच, फक्त लेखी नाही. दुकान उघडलं तेव्हाच आमचे हे, जगदीश, म्हणाले होते, “महिनाभर कर. नाही चाललं तर नाद सोड, छोटीकडे लक्ष दे.” छोटीकडे लक्ष दे! मी मग इतके दिवस कोणाच्या नाकाशी बोट धरून बसलेय? पण काय सांगू, मला खरंच वाटून गेलं, कमी पडत असेल लक्ष.

तशी अभिप्रायाची मला सवय आहे. मुलगी झाली तेव्हा अर्धं जळगाव अभिप्राय द्यायला आलं होतं. ‘नाक कुणाचं गं?’ ‘रंग उजळेल पुढे.’ ‘दूध पुरतं ना तुला?’ आणि जाताना दारात, चप्पल घालता घालता, ‘असू दे, पुढच्या वेळी.’ आता ‘असू दे, पुढच्या वेळी’ म्हणजे किती तारे झाले? तीन? आणि सासूबाई तर काही बोलतच नाहीत. मी छोटीला आंघोळ घालते, त्या दारात उभ्या राहून बघतात, आणि निघून जातात. हा अभिप्राय सगळ्यात कडक. तारेही नाहीत, खाली मजकूरही नाही. त्यामानाने गोधडीचं बरं, लोक आवडलं म्हणतात, विकत घेतात. ते एक दुकान तेवढं माझं होतं, त्यावर मुळात माझं नाव होतं, ‘छोटीची आई’ नव्हे, दिपमाला. आणि ते केळ्यांपायी जाणार?

म्हणून धीर केला आणि यशोदाबाईंना फोन लावला. बाई अहिराणी बोलणाऱ्या, गोड निघाल्या, म्हणजे वाद घालायला आणखीच अवघड.

“अक्का, मी जळगावहून दिपमाला, गोधडीवाली.”

“हा बोल माय. गोधडी बेस शे. मना नातू तीवरच झोपस, दुसरीवर रडस.”

“मग अक्का, एकच तारा दिला तुम्ही...”

“आते पाहाय, खोकावर केया शेतस. मझार एक बी नई. आसं कसं?”

मी समजावलं, मझार, म्हणजे आत, केळी कुठून असणार, ते केळीचं रिकामं खोकं होतं, माझ्या भावाने दिलं, फक्त गोधडी ठेवायला. मग म्हणाल्या, “मंग तू रिकामं खोकं आठे धाडं, आनि त्याना पैसा माले लावात?”

“अक्का, पोस्टेज मी खात नाही हो.”

“तू नई खात. मी बी नई खादं. मंग खादं कोनी?”

बोला आता. एम.एस्सी. वाया. पोस्टेजचा आख्खा हिशेब त्या बाईने एका वाक्यात माझ्या पदरात टाकला होता. तरी शेवटचा प्रयत्न म्हणून विनवलं, अक्का, तारे वाढवा ना, माझं दुकान बंद पडेल. तर त्या दुखावल्याच. “खोटं कशी लिखू माय? खोकामा केया नई हाई खरं शे ना?” खरं होतं. मग त्यांनाच कीव आली. म्हणाल्या, “एक काम कर. केया धाडी दे. मंग मी तारा वाढाडी देसू. मंग ते बी खरं व्हई जाई.”

मी हे जगदीशला सांगितलं. ते टीव्हीवरून नजर न काढता म्हणाले, “म्हणजे एका ताऱ्यासाठी आपण पिंपळनेरला केळी पाठवायची?”

“चार ताऱ्यांसाठी,” मी म्हटलं. एक तर आधीच दिला होता ना.

समाधानला फोन केला. तो म्हणाला, “ताई, केळी पाठवतो गं, पण तुझं दुकान गोधड्यांचं आहे ना?” मी म्हटलं, होतं. पाठव. कच्ची केळी आली, तेच रावेरचं खोकं काढलं, फण्या रचल्या. ईश्वर आला, त्याने उचललं, या वेळी त्याच्या तोंडून “हलकंय” निघालं नाही. मापं घेतली, आणि भाडं किती? तेवढंच. अगदी तेवढंच, जेवढं एकट्या गोधडीला पडलं होतं. म्हणजे पहिल्या वेळी तेवढी केळी खरोखर बसत होती त्या पैशात. बाई बरोबर होती हो. केळी आत हवीच होती.

दोन दिवसांनी अभिप्राय बदलला. पाच तारे. ‘केळी गोड. खोकं भरून. पोस्टेज बरोबर.’ बरोबर असणारच, ते मी भरलं होतं. पण सरासरी चाराच्या काठावर चढली, दुकान वाचलं, आणि मी एकटीच स्वयंपाकघरात उभी राहून हसले. सासूबाई दारात आल्या, बघितलं, गेल्या.

आता मी शहाणी झाले. कुरियरच्या प्लास्टिकच्या पातळ पिशव्या आणल्या, गोधडी घडी घालून आत, वजन जेवढं भाडं तेवढं, हवा नाही, केळी नाही, डायपर नाही. न्याय. पुढच्या गोधडीवर बोली लागली आणि धुळ्याच्या कुणी शीतल म्हणून होत्या, त्यांचा निरोप आला: ‘सोबत केळी येतील ना? वरती लिहिलंय.’ वरती म्हणजे यशोदाबाईंनी. मी लिहिलं, ताई, केळी नाहीत, पण पोस्टेज अगदी कमी पडेल. त्यांनी बोली मागे घेतली. दुसऱ्या बाईने विचारलं, केळी किती? तिसरी म्हणाली, कच्ची पाठवा, एकादशीपर्यंत पिकतील. रावेरहून एकीने विचारलं. रावेरहून! जिथे केळी रस्त्यावर पडतात. म्हणजे समाधानने ती जळगावला पाठवायची आणि मी परत रावेरला, पोस्टेज लावून. मी तिला विचारलं, ताई, तुमच्याकडे केळी नाहीत का? म्हणाली, “आहेत की. पण पिंपळनेरला दिली तर मला का नाही?”

मी पुष्पाबाईंकडे गेले. म्हटलं, वहिनी, काय करू? त्या म्हणाल्या, “दे की. तुझं काय जातं, पोस्टेज तर गिऱ्हाईकच भरतं.” आणि मला लक्षात आलं, ही बाई पहिल्या दिवसापासून हेच सांगत होती.

तर पिशव्या माळ्यावर गेल्या आणि खोकी परत खाली आली. आता छोटी झोपली की मी चार टाके घालते, श्वास बघते, केळी बघते. पिकायला लागली की गोधडी आधी संपवायची, कारण केळी थांबत नाहीत. केळ्यांना डाग पडू नयेत म्हणून फण्या गोधडीतच गुंडाळते, कागदापेक्षा ते बरं. अभिप्राय येतात. ‘केळी जरा दबली, तीन तारे.’ ‘केळी उत्तम, बाकी अजून पाहिलं नाही, पाच तारे.’ ‘साल पातळ. विक्रेती प्रामाणिक.’ सरासरी साडेचार. जगदीश आता चारचौघांत म्हणतात, हिचं दुकान चाललंय हो. घरात ‘नाद सोड’ कुणी म्हणत नाही. मी ठरवलं, आपणही काही म्हणायचं नाही. चालतंय ना, मग झालं.

काल धुळ्याहून एकीचा निरोप आला. पाच तारे दिलेत. लिहिलंय, ‘ताई, केळी छान होती. केळ्यांना गुंडाळायला जे कापड वापरता ते फार मऊ आहे, आमचं बाळ त्यावर लगेच झोपलं. तसलं कापड नुसतं मिळेल का?’

लिहिलं, मिळेल. पोस्टेज वेगळं पडेल.