तिसरी वाट

रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर नाटे गावाची गाडी काही लागत नव्हती. मागच्या बाकावर एक काकी आणि त्यांची पुतणी मोबाईलात डोकं घालून बसल्या होत्या. पुढच्या बाकावरच्या निशिगंधाने मान वळवली नाही, पण कान तिकडेच होते.

“काकी, गावाची माहिती लिहितो त्या विकीवर तुझ्या खात्यात शिरायला तीन वाटा आहेत. पासवर्ड, तुझा ईमेल आणि काकांचा नंबर.”

“असू देत गो.”

“काका जाऊन वर्ष झालं. त्यांचा नंबर काढून टाकते.”

“नको.”

“पासवर्ड विसरतेस म्हणून का?”

“पाठ आहे मला.”

“मग दरवेळी कोड काकांच्या फोनवर कशाला मागवतेस? तो फोन माडीवर. एका माशाचं नाव लिहायला जिना चढायचा नि उतरायचा. गुडघे बघ तुझे!”

“चढते मी हळूहळू.”

“अगो, पण फोन खाली तरी आणून ठेव.”

“ह्यांच्या उशाशीच असायचा तो. वाजला की खाली चुलीपर्यंत ऐकू येतो.”

“आणि मग?”

“मग ‘आले हो’ म्हणते आणि वर जाते.”