आईचं सामान, एका हातात

...अहो पण हँडल लावलं ना मी, तिथंच चुकलं! पिशवी शिवली, ठीक आहे, कप्पे केले, ठीक आहे, पण हँडल?... आणि तेही कसं, तर दुहेरी पट्टी, वर चौकोनात आडवी-तिडवी शिलाई, दोघांनी दोन बाजूंनी ओढा, तुटायचं नाही! तुम्हाला सांगतो, गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवण्यात माझा जन्म गेला, माझा टाका सुटलेला आजवर कुणी पाहिला नाही, आणि त्याच टाक्यानं माझा घात केला. पण तेव्हा काय म्हणाले सगळे? सोय! सोय झाली हो सगळ्यांची!

थांबा, सुरुवातीपासून सांगतो. आम्ही तीन भाऊ. दादा थोरला, मी मधला, एक धाकटा. आणि आई एक. वडील गेल्यावर ठरलं की आईनं आळीपाळीनं तिघांकडे राहायचं. ठरवलं कुणी? तिघांनी. आईला विचारलं का? विचारलं की! "आई, चालेल ना तुला?" असं तिघांनी एकदम विचारलं. त्यावर कुठली बाई नाही म्हणेल, सांगा ना मला?

बरं, आई हलायची हो, सामान हलायचं नाही! चष्मा दादाकडे, चष्म्याचं घर धाकट्याकडे, गोळ्या माझ्याकडे आणि त्या कधी घ्यायच्या ते फक्त वहिनींच्या डोक्यात. आणि दात! एकदा आईची कवळी धाकट्याच्या बेसिनवरच राहिली. ती मला आणून द्यायला म्हणून त्यानं एका रिकाम्या डब्यात घातली, आणि सकाळच्या घाईत जेवणाचा डबा ओट्यावर विसरून तोच घेऊन गेला ऑफिसात. दुपारी साहेबांच्या शेजारी बसून उघडला... पुढचं मी सांगत नाही. साहेब अजून त्याच्याबरोबर जेवत नाहीत. आणि इकडे माझ्या घरी आई पातळ भातावर, तिकडून दादाचा फोन, "अरे, दात विसरतात म्हणजे काय? दात काय छत्री आहे?"

तेव्हा मला, म्हणजे तिघांत मलाच, अक्कल सुचली. सीटकव्हरांचं उरलेलं काळं रेक्झिन पडलं होतं, पारदर्शक प्लास्टिक होतं, बसलो मशीनवर. अशी पिशवी, की खिळ्याला अडकवून खाली सोडली तर दाराएवढी, कप्पेच कप्पे! चष्म्याला कप्पा, कवळीच्या डबीला कप्पा, कंगवा, रेडिओ, स्वेटर, वडिलांचा फोटो, त्याला तर आतून स्पंज लावला. आणि निघायची वेळ झाली की गुंडाळायची, पट्टा आवळायचा, हँडल धरायचं, चला! आईचं सगळं सामान एका हातात!

मग आल्या सूचना. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, गोळ्यांचे कप्पे जरा वर घ्या हो, मला मेलीला वाकवत नाही." घेतले. धाकटा म्हणाला, "स्कूटरच्या पुढ्यात बसेल ना रे? नाहीतर मला सुट्टी टाकावी लागते." बसवली. आमची ही म्हणाली, "काळी कसली शिवताय? प्रेतावर घालायची आहे का?" लाल किनार लावली. आणि आई? आई काही म्हणेना. शेवटी मीच विचारलं, "आई, तुला काही हवंय का गं यात?" तर म्हणाली, "माझी धागे कापायची छोटी कात्री आहे ना, तिला एक कप्पा कर." बास. एवढंच. केला.

आणि काय सांगू, कौतुक झालं माझं! दादानं पाठीवर थाप मारली. जन्मात पहिल्यांदा! "सोय केलीस बघ!" तिन्ही घरांत एकेक खिळा ठोकला. आता तुम्हीच बघा, वडिलांबरोबर उभा संसार केलेली बाई, आणि तिच्या नावावर काय, तर तीन घरांत मिळून तीन खिळे. दादाकडे सोफ्याच्या मागं, धाकट्याकडे पोरांच्या खोलीत, माझ्याकडे मागच्या खोलीत, जिथं माझं मशीन आहे. मशीनला लागूनच तिची खाट. मी म्हणायचो, आई, आवाजाचा त्रास होतो का? तर म्हणायची, "नाही रे, तुझं मशीन चालू असलं की मला बरी झोप लागते."

पण सोय झाली ना! सोय फार वाईट हो. आधी कसं होतं, सामान हलवायचं म्हणजे डोक्याला ताप, म्हणून आई ज्याच्याकडे असेल त्याच्याकडे चार-चार महिने राहायची. आता? एका हातात मावतं म्हटल्यावर महिन्यावर आलं. मग पंधरवड्यावर. मग वहिनींचं, "भाऊजी, माझ्या माहेरची येतायत, दोन दिवस न्या ना आईंना, पिशवी तयारच आहे!" मग धाकट्याचं, "पोरांची परीक्षा आहे रे, पिशवी गुंडाळूनच ठेवलीय!" आणि मी? मी काय वेगळा आहे? घराचं रंगकाम काढलं तेव्हा मीच स्कूटर काढली. रंग वाळला तरी आठवडाभर आणायला गेलो नाही... बोलायचं कशाला!

आणि एकदा पाहिलं हो. दादाच्या दारात पोचलो, दादानं दार उघडलं, आधी माझ्या हातातली पिशवी घेतली, आत नेऊन खिळ्याला लावली, आणि मग परत येऊन म्हणाला, "ये आई." आई उंबऱ्यातच उभी. पिशवी घरात, आई दारात.

त्यानंतर आई कप्प्यातनं काही बाहेर काढेचना. कंगवा काढला, केस विंचरले, कंगवा परत कप्प्यात. हिनं कपाटात एक खण रिकामा करून दिला, अगदी कागद घालून दिला, तर आई म्हणते, "कशाला गं? परत भरायचंच आहे." ही माझ्याकडे बघते. मी मशीनकडे बघतो. मशीन कुठं बघणार!

आता त्या दिवशीचं सांगतो. आईला दादाकडे न्यायचं होतं. मी स्कूटर पुसली, मागच्या खोलीत गेलो, सवयीनं पिशवी गुंडाळली, पट्टा आवळला, हँडल धरायला हात घातला... हँडल नाही! मला वाटलं उलटी धरली. फिरवली. त्या बाजूलाही नाही! आणि खाटेवर आई बसलीय, मांडीवर धाग्यांचे तुकडे, हातात ती छोटी कात्री, आणि शेजारी हँडल, नीट घडी घालून ठेवलेलं.

मी म्हटलं, "आई, अगं हे काय केलंस?"

तर माझ्याकडे न बघता म्हणते, "चांगलं शिवतोस रे तू. निघता निघेना. बोटं दुखली माझी."

बास. ओरडली नाही, रडली नाही. कात्री पुसली, पट्टा सैल करून कात्रीच्या कप्प्यात ठेवली आणि हात धुवायला मोरीत गेली. मला... खोटं कशाला बोलू, मला रडू आलं हो. बावन्न वर्षांचा बाप्या, हातात बिनहँडलाची पिशवी घेऊन उभा!

आमची ही दारातनं सगळं बघत होती. मला वाटलं आता हिच्या तोंडाचा पट्टा सुटणार. तर ही सरळ मशीनपाशी गेली, सुई काढली, पदराला खोचली आणि म्हणाली, "मशीन बिघडलंय. सांगा तुमच्या दादांना." आयुष्यभर माझ्या मशीनला सवत म्हणणारी बाई!

लावला फोन. म्हटलं, "दादा, पिशवीचं हँडल तुटलंय आणि मशीन बंद पडलंय." दादा म्हणाला, "अरे मग दुसऱ्या पिशव्यांत भरून आण ना!" मी म्हटलं, "आणतो की. मात्र काही राहिलं-बिहिलं तर... चष्मा, गोळ्या... दात..." मग दादा घाईघाईनं म्हणाला, "नको नको, दात नकोत! होऊ दे मशीन दुरुस्त, मग बघू." धाकटा तर म्हणाला, "सावकाश कर!"

म्हणजे बघा. आई राहिली. का राहिली? पोरांना माया आली म्हणून? छे! पिशवीला हँडल नाही म्हणून!

पण आता झालंय काय, मशीन बिघडलंय म्हटल्यावर ते चालवता येतंय का? धाकट्याचा ऑफिसचा रस्ता आमच्या खिडकीखालून, जाता-येता कान लावतो. म्हणून मी या वयात रोज पलीकडच्या रस्त्यावर दुसऱ्याच्या दुकानात शिवायला जातो. ज्याला जन्मभर 'हा काय शिवणार, हा तर पोती शिवतो' म्हणालो, त्याच्या! तो मला टाका शिकवतो हो!... आणि घरी आलो की आई विचारते, "मशीन का रे बंद? मला झोप लागत नाही." आता आईला काय सांगू? तुझ्यासाठीच बंद आहे म्हणू? कंगवा मात्र आता खणात असतो. पाहिलाय मी.

आणि परवा त्या दुकानात एक तरुण आला. चांगला, सभ्य, इस्त्रीचा शर्ट. म्हणाला, "घरी गेलो होतो, काकूंनी इकडं पाठवलं. तुमच्या दादांकडे पाहिली होती मी ती पिशवी. मला एक हवीय, वडिलांसाठी. आम्ही दोघं भाऊ आहोत." जाताना दारातनं मागं वळून म्हणाला, "आणि काका, हँडल तेवढं मजबूत लावा."

लावलं. काय करणार, हाताला दुसरं येत नाही. दुहेरी पट्टी, आडवी-तिडवी शिलाई, ओढून बघा! फक्त आत एक छोटा कप्पा जास्तीचा केला, आणि त्यात एक छोटी कात्री ठेवली.

न्यायला आला तेव्हा त्यानं ती काढून पाहिली. म्हणाला, "काका, हे कशाला?"

म्हटलं, "असू दे... सोय!"