डावं-उजवं

पुरवणी जबाब

नाव: मागच्या जबाबात आहे तेच. बाजारात सगळे तारमास्तर म्हणतात. वय ५७ वर्षे. धंदा: अॅम्प्लिफायर व हेडफोन यांची दुरुस्ती आणि जोडणी, अठ्ठावीस वर्षे एकाच गाळ्यात. राहणार: त्याच गाळ्याच्या वरच्या दोन खोल्या. कान: दोन्ही उत्तम. हा रकाना छापील नमुन्यात नाही, माझ्या आग्रहावरून लिहून घेतला आहे.

आज मंगळवारी दुपारी ३ वाजून १० मिनिटांनी मी आपण होऊन ठाण्यात हजर झालो असून, कोणाच्याही दबावाखाली नसताना सांगतो की, मागच्या जबाबात मी चुकीचे सांगितले. दाताच्या डॉक्टरांच्या घरच्या रेकॉर्डिंगमध्ये पावलांचा आवाज उजवीकडून येतो असे मी म्हणालो होतो. तो डावीकडून येतो. चूक रेकॉर्डिंगची नाही, माझ्या हातची आहे. माझ्या त्या एका वाक्यामुळे डॉक्टरांच्या वरच्या मजल्यावरचा भाडेकरू एकोणीस दिवस कोठडीत आहे. त्याला सोडा, एवढे सांगायला मी आलो होतो. ठाणे अंमलदार साहेबांनी सगळे पहिल्यापासून आणि क्रमाने सांगा असे म्हटल्यावरून पुढीलप्रमाणे सांगतो.

डॉक्टर (वय अंदाजे ७१, दवाखाना आता बंद) हे माझे सहा वर्षांपासूनचे गिऱ्हाईक. गिऱ्हाईक म्हणायला जीभ वळत नाही, पण मित्र हा शब्द जबाबात चालतो की नाही मला माहीत नाही. त्यांना ऐकण्याचे वेड आहे. चांगला हेडफोन विकत आणला म्हणजे झाले असे लोकांना वाटते. तसे नसते. हेडफोनला त्याच्या तोलामोलाचा अॅम्प्लिफायर लागतो, आणि ही जोडी जमवणे म्हणजे सोयरीक जमवण्यातला प्रकार. दोघेही खानदानी असून एकमेकांचे तोंड बघत नाहीत असे होते. डॉक्टरांच्या हेडफोनला आम्ही पहिला अॅम्प लावला तेव्हा सगळे स्वच्छ ऐकू आले, पण बातम्या वाचल्यासारखे. दुसरा लावला तेव्हा आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा. मग मी स्वतः जुन्या रेडिओत असतात तसल्या काचेच्या व्हॉल्व्हचा एक अॅम्प बांधून दिला. तो तापायला पंधरा मिनिटे घेतो. तापल्यावर डॉक्टरांनी हेडफोन चढवला, डोळे मिटले आणि मला म्हणाले, "मास्तर, व्हायोलिनच्या गजावरची राळ ऐकू येतेय हो." त्या दिवशी दुकान लवकर बंद करून आम्ही दोघे संध्याकाळपर्यंत आळीपाळीने ऐकत बसलो. माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दिवसांपैकी तो एक आहे. साहेबांनी याचा गुन्ह्याशी काय संबंध असे विचारले असता सांगतो की, संबंध आहे. एवढे बारीक ऐकू आले नसते तर गुन्हा झाला हेच कोणाला कळले नसते.

डॉक्टरांच्या पत्नी, ज्यांना मीही काकू म्हणायचो, व्हायोलिन वाजवत. रोज दुपारी चार वाजता त्यांचा सराव असे. डॉक्टर समोर दोन मायक्रोफोन ठेवून तो रेकॉर्ड करत. सात महिन्यांपूर्वी त्यांनी असेच रेकॉर्डिंग चालू केले आणि ते चष्म्याच्या दुकानात गेले. पाऊण तासाने परत आले तेव्हा काकू खाली पडलेल्या होत्या. टेबलाचा कोपरा डोक्याला लागला होता. चक्कर आली असेल असे सगळ्यांनी धरले. ते रेकॉर्डिंग डॉक्टरांनी ऐकले नाही. पाच-सहा महिने ते ड्रॉवरमध्येच होते.

मध्यंतरी हेडफोनची वायर तुटली म्हणून मी त्यांना नवी करून दिली. डॉक्टरांना काळी हवी होती म्हणून आतल्या तारासुद्धा काळ्याच घेतल्या. अशा वेळी उजव्या तारेच्या दोन्ही टोकांना लाल दोरा बांधायचा हा माझा नियम. एका टोकाला बांधला. तेवढ्यात एक बाई रेडिओ घेऊन आल्या. त्यांच्याशी बोलत बोलत दुसरा दोरा बांधला, तो डाव्या तारेला. सोल्डर मारले, वरून नळी चढवली, झाले. मीटर लावून तपासले नाही. माझा हात चुकत नाही अशी माझी समजूत होती. डावे उजवीकडे आणि उजवे डावीकडे गेले, पण एकटे व्हायोलिन मधोमध वाजते, त्यात कोणाला काय कळणार? माझ्या धंद्यात डावं-उजवं करणे हेच काम, आणि तेच मला जमले नाही. याची मला लाज वाटते.

त्या नव्या वायरीवर डॉक्टरांनी मन घट्ट करून ते रेकॉर्डिंग ऐकले, आणि दुसऱ्या दिवशी सगळे सामान घेऊन माझ्याकडे आले. मीही ऐकले. अकराव्या मिनिटाला गज अर्ध्यातच थांबतो. सपाता घातलेली पावले येतात, चार. काकू म्हणतात, "आता काय?" मग धक्का बसल्याचा आणि पडल्याचा आवाज. मग तीच चार पावले परत जातात, अजिबात घाई न करता. पुढे चौतीस मिनिटे भिंतीवरचे घड्याळ टिकटिक करत राहते. डॉक्टर येईपर्यंत दुसरे काही नाही.

मायक्रोफोनच्या उजव्या हाताला बाहेरच्या जिन्याचे दार आणि डाव्या हाताला आतल्या खोल्यांचे, असे डॉक्टरांनी मला कागदावर काढून दाखवले. बाहेरच्या जिन्याने वरचा भाडेकरू येतो-जातो. काकूंशी त्याचे पाण्याच्या टाकीवरून खटके उडत. इथे ठाण्यात ते रेकॉर्डिंग एकाच स्पीकरवर वाजवले गेले, त्यात बाजू कळण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून मला बोलावले. मी छातीठोकपणे उजवीकडून म्हणून सांगितले आणि सही केली.

भाडेकरूला नेल्यानंतर चौथ्या दिवशी त्याची बायको लहान मुलीला घेऊन माझ्या दुकानात आली. तिने आरडाओरडा केला नाही. एवढेच विचारले, "मास्तर, तुम्हाला नक्की ऐकू आलं ना?" मी म्हणालो, "नक्की." तिने मुलीच्या पायातला बूट सरळ केला आणि ती गेली. ती जिना उतरेपर्यंत मी हातातले काम खाली ठेवले नव्हते.

त्यानंतर आठवडाभरात डॉक्टरांचा पुतण्या (वय अंदाजे ३४, काकांकडेच राहतो, आतली खोली त्याची) दुकानात आला. काकांना भेट म्हणून बंद कपांचा हेडफोन हवा होता. डॉक्टरांचा जुना हेडफोन उघड्या जाळीचा, त्यात बाहेरचेही ऐकू येते. पुतण्या म्हणाला, "असा द्या मास्तर, की घर कोसळलं तरी काकांना पत्ता लागायला नको. बिचारे निवांत ऐकू देत." मी हसलो. चांगल्यातला चांगला काढून दिला. माझी वायर त्यालाही बसते.

परवा रविवारी सकाळी अकरा वाजता मी अॅम्पचा एक व्हॉल्व्ह बदलायला डॉक्टरांच्या घरी गेलो. त्या घरात मी पहिल्यांदाच गेलो, एरवी तेच माझ्याकडे येत. डॉक्टर फिरायला गेले होते. पुतण्याने दार उघडले आणि सरावाच्या खोलीत बसवले. मायक्रोफोनचे स्टँड अजून जागेवर आहे. मी स्टँडपाशी उभा राहिलो. भिंतीवरचे घड्याळ आतल्या दाराच्या वर होते, म्हणजे माझ्या डाव्या हाताला. ते बंद होते. पुतण्या म्हणाला, "काकू गेल्या तेव्हापासून काका त्याला सेल घालू देत नाहीत." रेकॉर्डिंगमध्ये ते घड्याळ मी उजव्या कानाने ऐकले होते. पावले आणि घड्याळ एकाच बाजूला, हे मला पक्के आठवत होते.

घड्याळाची जागा कधी बदलली का, असे मी विचारले. नाही म्हणाला, खिळासुद्धा आजोबांच्या वेळचा. मग मी पिशवीतून मीटर काढला आणि वायरीला लावला. तार जुळली की मीटर शिटी देतो. डाव्याला डावे लावले, शिटी नाही. डाव्याला उजवे लावले, शिटी वाजली. मी पुन्हा लावले. पुन्हा वाजली. मान वर केली तेव्हा पुतण्या आतल्या दारात उभा होता. त्याच्या पायात सपाता होत्या. घरात सपाता कोणीही घालतो, त्यामुळे याचा मी काही अर्थ लावत नाही. एकदा छातीठोकपणे बोलून झाले आहे, आता फक्त पाहिले तेवढेच सांगतो.

तो म्हणाला, "उलटी लागलीय का?" त्याला तारांतले कळते हे मला माहीत नव्हते. मी हो म्हणालो. तो म्हणाला, "मग करून टाका सुलटी. चूक तुमची, दुरुस्ती तुमची. गावभर सांगून स्वतःचं हसं कशाला करून घेता?" मी वायर तशीच ठेवली, डॉक्टरांची वाट न बघता निघालो आणि दोन दिवस घरात बसून राहिलो. का, असे विचारले असता सांगतो की, भीती वाटली. निम्मी त्याची आणि निम्मी माझ्या नावाची. त्या दोन दिवसांत माझ्या मनातून ती मुलगी आणि तिचा बूट गेला नाही.

काकू गेल्या त्या आठवड्यात त्यांचे आणि पुतण्याचे बोलणे बंद होते, हे डॉक्टरांनी मला पूर्वी सांगितले होते. मागच्या जबाबात मला ते कोणी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. परक्या भाडेकरूला कोणी "आता काय?" असे म्हणत नाही, हेही मला तेव्हाच सुचायला हवे होते.

आज सकाळी डॉक्टरांना सांगावे म्हणून फोन केला. पुतण्याने उचलला. मी म्हणालो, वायरीबद्दल बोलायचे आहे, डॉक्टरांना द्या. तो म्हणाला, काका आंघोळीला गेलेत. दुपारी अडीच वाजता मी दुकानाला कुलूप लावून उतरलो तर तो खाली गाडी घेऊन उभा होता. "ठाण्यात ना? बसा, मी सोडतो." नाही म्हणायचे धाडस झाले नाही. मघाशी "कोणाच्याही दबावाखाली नसताना" हे शब्द लिहिले गेले तेव्हा मी जरा थांबलो होतो, ते याचमुळे. वाटेत तो एकच वाक्य बोलला: "काका आज चारला बसतील, नेहमीसारखे." इथे आल्यावर तुमचे होईपर्यंत थांबतो म्हणाला आणि बाहेरच्या बाकावर बसला.

३ वाजून ४२ मिनिटांनी मी पाणी प्यायला बाहेर गेलो. बाक रिकामा होता. गाडीही नव्हती. दारावरच्या शिपायाने सांगितले की तो मला सोडून पाचच मिनिटांत निघून गेला.

हे ऐकल्यावर मी साहेबांना म्हणालो की लिहिणे थांबवा, आधी डॉक्टरांच्या घरी माणसे पाठवा. ते वाक्यही लिहून घेतले आहे. कारण विचारले असता सांगतो की, डॉक्टर रोज दुपारी पावणेचारला अॅम्प तापायला लावतात आणि हेडफोन चढवूनच बसतात. कानांना शांततेची सवय होऊ द्या, असे मीच त्यांना शिकवले आहे. चार वाजता ते काकूंचे तेच शेवटचे रेकॉर्डिंग लावतात, त्याची प्रत त्यांच्याकडे आहे. खुर्ची काकूंची आहे, खिडकीकडे तोंड करून ठेवलेली. पाठ आतल्या दाराकडे असते. कानावर तो नवा बंद हेडफोन. मागून कोणी आले तर त्यांना ऐकू येणार नाही. पावले ऐकू आली तरी ती रेकॉर्डिंगमधली आहेत असेच त्यांना वाटेल, आणि रेकॉर्डिंगमधली तर उलट्या वायरीमुळे चुकीच्या बाजूने येतील.

३.४६ ला इथल्या फोनवरून डॉक्टरांच्या घरी फोन लावला. घंटा गेली, उचलला नाही. ३.४९ ला पुन्हा लावला, उचलला नाही. ३.५३ ला साहेबांनी मोटारसायकलवरून दोन शिपाई पाठवले. ठाण्यापासून घर वीस मिनिटांवर आहे. मी त्यांच्याबरोबर जातो म्हणालो. जबाब अर्धवट सोडून जाता येणार नाही असे सांगण्यात आले.

त्यानंतर जबाब वाचून दाखवण्यास सुरुवात झाली. वाचू नका, मी तशीच सही करतो, असे मी म्हणालो. मागच्या वेळी तशीच केली होती याची साहेबांनी आठवण करून दिली. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळे मोठ्याने वाचले, वाचायला अकरा मिनिटे लागली. मी ते दोन्ही कानांनी ऐकले. जिथे डावे लिहिले आहे तिथे डावेच आहे आणि जिथे उजवे लिहिले आहे तिथे उजवेच, हे बोट ठेवून पाहिले. मजकूर मी सांगितला तसाच आहे, खरा आहे. वाचताना टेबलावरचा फोन माझ्या विनंतीवरून स्पीकरवर चालू ठेवला होता, तुटला की पुन्हा लावत होते. तो डॉक्टरांच्या घरी लावलेला आहे आणि पलीकडे घंटा अजून जाते आहे, हेही बरोबर आहे.

सही
वेळ: दुपारी ४ वाजून ६ मिनिटे