पाचव्या मिनिटाचे मार्क

दहापैकी, काकू. दहापैकी चार. तुम्ही दचकलात ना — मीही दचकले होते — चार म्हटल्यावर वाटतं, काय चार? पण मार्कच. बाळाला मार्क देतात इथे, जन्मल्या जन्मल्या, अजून नाव नाही, गाव नाही आणि परीक्षा. बसा ना, अशा इकडे सरका, त्या टोकाला बाकाचा पाय डुगडुगतो, सकाळपासून बसून बसून कळलंय मला. नाही हो, माझं नाही बाळ. माझ्या जाऊबाईंचं. मुलगी. आत आहे, त्या पांढऱ्या दारापलीकडे, काचेच्या पेटीत. श्वास मशीन देतंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इथेच थांबा, काही कळलं की सांगते. म्हणून मी इथेच. आणि जाऊबाई वरच्या खोलीत, औषधानं झोपवलंय त्यांना. जाग आली की पहिला प्रश्न ठरलेला आहे — रडली का? मी आपली उत्तर शोधतेय.

मार्कांचं आमच्या घराला नवीन नाही तसं. सासूबाई मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त झाल्या, पण लाल पेन अजून डोक्यातून उतरलेलं नाही. प्रत्येक गोष्टीला दहापैकी. माझ्या चहाला सहा — लग्नानंतर पहिल्या सकाळी चार होते, म्हणजे प्रगती आहे. नवऱ्याच्या इस्त्रीला पाच. मोठे दीर उशिरा आले की शून्य, आणि सासऱ्यांना तर त्या देतच नाहीत, 'तुम्ही परीक्षेला बाहेरून बसता' म्हणतात. हसा हो, हसा, मीही हसते — आतल्या आत. घरात मी फारशी बोलत नाही. आलेल्या-गेलेल्याला सांगतात, आमची धाकटी अगदी मुकी आहे हो, आणि ते कौतुक असतं बरं का, त्याचे आठ आहेत मला. दहा? छे. दहा त्या कुणालाच देत नाहीत. दहा दिले की माणूस बिघडतं, असं त्यांचं मत.

आज दिले. याच बाकावर. जाऊबाई मध्ये, एका बाजूला सासूबाई, या बाजूला मी. आत खाटा सगळ्या भरलेल्या आणि सिस्टर एकटी, दुसरी रजेवर. ती बिचारी मधूनच दारात यायची, घामाघूम, आणि विचारायची — कुणाला जास्त दुखतंय? आता हा काय प्रश्न झाला? पण तिनं तरी दुसरं काय विचारावं. समोरच्या बाकावर एक बाई होती, तिनं असा काही गळा काढला, नवऱ्याच्या सगळ्या खानदानाचा नावानिशी उद्धार केला, तो बिचारा पिशवी घेऊन भिंतीला चिकटलेला — तिला आत घेतलं. मग दुसरी, तिनं सिस्टरचं मनगटच धरलं, सोडीचना. तिलाही घेतलं. जाऊबाईंना विचारलं की त्या म्हणायच्या, नाही, सोसतंय अजून. पुन्हा विचारलं — सोसतंय. ओठ आवळून आवळून पांढरे पडलेले. आणि सासूबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या — वाईट नाहीत हो त्या, तसं समजू नका, माया आहे, सकाळपासून पाणीसुद्धा धड प्यायल्या नव्हत्या काळजीनं — हात फिरवत त्या मला म्हणाल्या, 'बघून ठेव. हूं नाही की चूं नाही. ह्याला म्हणतात संस्कार. दहापैकी दहा.'

जाऊबाई हसल्या, काकू. एवढ्या कळा येत असताना हसल्या. इतकी वर्षं त्या घरात काढली, कधी आठाच्या वर गेल्या नव्हत्या — पाहुण्यांच्या पंगती उठवल्या तरी नाही, सासऱ्यांचं आजारपण काढलं तरी नाही. आता दहा मिळाल्यावर ओरडणार कशा? मिळालेले मार्क कोण घालवतं?

मग थोड्या वेळानं त्या एवढंच म्हणाल्या, हळू आवाजात, 'आई, बाळ मघापासून हललं नाही.' आणि सासूबाई म्हणाल्या, 'झोपलं असेल. तेही तुझ्यासारखंच शहाणं आहे.'

हो. असंच म्हणाल्या. शब्दन् शब्द.

नंतर कधीतरी सिस्टर आली, ते यंत्र पोटावर टेकवून ठोके ऐकायला लागली. इकडे टेकवलं, तिकडे टेकवलं. तिचा चेहरा मी बघत होते. मला सवयच आहे, बोलायचं नसलं की माणूस चेहरे बघतं. आणि मग ती धावली. सगळेच धावले. घरातली एक बाई आत चालते इथे, सासूबाईंना रक्त बघवत नाही, म्हणून मी गेले.

आता तुम्ही विचारलंत म्हणून सांगते हं मार्कांचं. बाळ बाहेर आलं की एक मिनिटानं बघतात आणि पुन्हा पाचव्या मिनिटाला. ठोके, श्वास, रंग, हातापायांतला जोर आणि डिवचल्यावर चिडतं का. प्रत्येकाचे दोन. दहाच्या दहा इथेही क्वचितच मिळतात — तळहात-तळपाय निळसर राहतात म्हणे चांगल्या बाळांचेही. आमची आली ती अशी — ओला रुमाल कसा लोंबतो हातावरून, तशी. आवाज नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एक. म्हणजे ठोके तेवढे होते, तेही रेंगाळत. मग पुसलं, चोळलं, तोंडावर तो फुगा धरून हवा दिली, कुणी कुणाशी बोलत नव्हतं, फक्त जाऊबाई, त्या पाय तसेच वर असताना विचारत होत्या, 'रडत का नाही? रडत का नाही ती?' — आणि ते मात्र मोठ्यानं, काकू. पहिल्यांदा मोठ्यानं. पाच मिनिटांनी चार. ठोक्यांचे दोन. श्वासाचा एक, उचकीसारखा होता. रंगाचा एक. हातपाय, शून्य. तळव्याला टिचकी मारली, आता तिनं रागवायला हवं, तोंड वेंगाडायला हवं — शून्य.

तिथे उभी असताना माझ्या डोक्यात काय आलं सांगू? जे बाळ किंचाळतं, लाथा झाडतं, हात लावला की भांडतं, त्याला मार्क जास्त. गप्प राहण्याचे मार्कच नाहीत इथे. एकही नाही.

बाहेर येऊन डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तर सासूबाईंच्या तोंडून काय निघावं — 'चार? म्हणजे पाससुद्धा नाही?' आणि मग लगेच, 'शेवटच्या महिन्यात दूध घेत नव्हती ती नीट. मी सांगत होते.' म्हणजे मार्क कुणाचे कापले बघा. डॉक्टरीणबाई तरुण आहे हो, माझ्याहून फार मोठी नसेल, डोळे लाल झालेले. ती म्हणाली, 'आजी, हे मार्क बाळाचे नसतात. आईचे तर नाहीतच. आमचे असतात. बाळापर्यंत आम्ही कधी पोहोचलो, त्याचे.' सासूबाई तशाच उठून गेल्या. आता त्या खाली जिन्यात बसल्यात, चष्मा काढून पदरानं पुसताहेत, पुसताहेत, संपतच नाही. मी मघाशी चहा नेऊन दिला. कसा आहे विचारलं. म्हणाल्या, 'गरम आहे.' बस. एवढंच. मार्क नाहीत.

नाही, रुग्णालय वाईट आहे असं कसं म्हणू? दारातला फळा वाचलात ना तुम्ही, किती बाळांना पाचव्या मिनिटाला सातच्या वर मिळाले तो? खरा असेल तो. माणसं मेहनत करतात, मी पाहिलंय. पण त्या फळ्यावर हा बाक नाही, काकू. बाकावर कोण किती सोसत बसलं, ते त्यात येत नाही. महिना संपला की आमची मुलगीही जाईल त्या आकड्यात. एवढासा खाली ओढेल ती त्याला. एवढासाच. कुणाच्या लक्षातही येणार नाही. अजून तिला आम्ही नावही —

असो. मी मात्र माझ्या वेळी गप्प बसणार नाही हं. ठरवून ठेवलंय मी मनाशी सगळं, कसं ओरडायचं, कुणाचा हात धरायचा — काय? नाही, नाही, असंच म्हणाले. पुढे कधीतरी, असं. ... तुम्ही बघताय कशा. बरं, हो. नवऱ्यालाही माहीत नाही अजून. आज सकाळी घरी सांगणार होते, तर जाऊबाईंच्या कळा सुरू झाल्या. तुम्हाला का सांगितलं कोण जाणे. इतकं मी महिन्याभरातसुद्धा बोलत नाही.

तुमचं कोण आहे आत? — सून? लेक? आत नाही अजून? मग कुठे — ती? पाण्याच्या मशीनजवळ, खांबाला टेकलेली, ती तुमची लेक? मी मघापासून बघतेय तिला. मला वाटलं कुणाला भेटायला आलीय, इतकी शांत. कधीपासून बसलीय? आणि सिस्टरनं विचारलं तेव्हा काय म्हणाली?

सोसतंय म्हणाली.

सोशिक आहे म्हणता. लहानपणापासून. काकू, तिचे ओठ बघा. नाही, कौतुक नंतर, आधी ओठ बघा तिचे. उठा तुम्ही. तिला विचारा बाळ हलतंय का, आणि ती काहीही म्हणाली तरी सिस्टरचा हात धरा. ओरडायला सांगा तिला. लाज वाटत असेल तर तुम्ही ओरडा. लोक बघतील, बघू देत —

थांबा. दार उघडलं.

त्याच सिस्टर आहेत. सकाळी धावत होत्या ना, मी म्हटलं तुम्हाला. आता चालत येताहेत. हळू. माझ्याकडेच येताहेत.

तुम्ही नका थांबू. काकू, माझा हात सोडा. तिच्याकडे जा. जा ना.