समानता कक्षातले राखीचे ताट

दिनांक ७ ऑगस्ट २०२५, गुरुवार, सकाळी ११ वाजून २० मिनिटे. हवालदारसाहेब आधी नाव लिहीत होते. गुन्ह्याची वेळ आधी लिहा असे मी सांगितले.

मी, अनुसूया विश्वंभर राऊत, वय ६९, धंदा निवृत्त मुख्याध्यापिका, राहणार वाडीआळी, करंजपाडा, समक्ष जबाब देते की, मी करंजपाडा नगरपरिषदेच्या समानता कक्षावर बाहेरची सदस्य आहे.

दाखल्यांच्या खिडकीवरील सगुणा ठाकूर हिची तक्रार आहे की, पाणीखात्याचे सुपरवायझर विनेश येता-जाता अंगाला हात लावतात. ते रजेवर आहेत. सोमवारी पुन्हा तिच्याच शेजारच्या टेबलावर येणार. म्हणून आज सुनावणी होती.

मी कक्षात गेले तर निरांजन, पेढे, नारळ व राखी असे ताट तयार होते. विनेश नवा सदरा घालून पाटावर बसले होते. कक्षप्रमुख निकेत म्हणाले, "मॅडम, परवा राखीपौर्णिमा. सगुणाताई राखी बांधतील, विषय संपला! आधीच्या दोन तक्रारी अशाच मिटवल्या." त्या तक्रारी करणाऱ्या दोघींपैकी एकही आता नोकरीत नाही, हे त्यांनी सांगितले नाही.

सगुणा म्हणाली, "बाई, मना तीन भाऊस हान. चवथा नको."

"अगं, फोटोवाला खोळंबलाय," निकेत म्हणाले.

समेट बाईने मागितला तरच होतो, असे मी म्हटले. त्यावर विनेश म्हणाले, "तुम्ही कॉन्व्हेंटवाल्या. तुम्हाला आपले सण काय कळणार?"

मी म्हणाले, "नन्सनी एवढंच शिकवलं, पेपर संपल्याशिवाय वर्गाबाहेर जायचं नाही." मग फोटोवाल्याला बाहेर काढून मी आतून कडी लावली व सुनावणी घेतली. सगुणा पाऊण तास बोलली. मध्ये तिने पाणी मागितले, ते मी दिले.

मी कोंडून ठेवले, ही विनेश यांची तक्रार खोटी आहे. कडी आतून होती व हात सर्वांना होते. उपाशीही ठेवले नाही. पेढे विनेश व निकेत यांनीच संपवले.

हवालदारांनी जबाब वाचून दाखवला. त्यांनी 'गुन्ह्याची' खोडून 'घटनेची' केले होते, ते मी पूर्ववत करून घेतले. गुन्हा ताटाचा आहे, कडीचा नाही. आता बरोबर आहे. याची प्रत मुख्याधिकाऱ्यांना जावी. विनेश यांचे टेबल कुठे हलवले, याचे लेखी उत्तर सगुणाला व मला सोमवार, दिनांक ११ ऑगस्ट, सकाळी पावणेदहाच्या आत मिळावे. तोंडी चालणार नाही.