न दिलेलं रक्त

भावजय : ताई, तुमचा भाऊ मागे बाकावर बसलाय, ऐकू जायचं नाही त्याला. खरं सांगा. तुम्ही त्याला किडनी द्यायच्या तपासणीला गेलाच नव्हतात ना?

ताई : कोण म्हणालं?

भावजय : काल दवाखान्यातून फोन आला. ‘तुमच्या नणंदबाईंनी रक्त दिलंच नाही, फाइल बंद करू का?’ मी म्हटलं, अहो, झाली की तपासणी, जुळत नाही म्हणाल्या त्या! तर त्या बाईंनी दोनदा बघून सांगितलं, नोंदच नाही.

ताई : खाली बघून चाल. ओली पानं पडलीयत, घसरशील.

भावजय : पानं गेली खड्ड्यात! पाच महिने झाले, ताई. आठवड्यातून तीनदा त्याला डायलिसिसच्या मशीनवर झोपवून आणते. प्यायला दिवसाला तीनच कप पाणी. मघाशी तळ्याकडे कसा बघत होता, पाहिलंत? माझा रक्तगट जुळला असता तर तुमच्यापुढे तोंड वेंगाडलं नसतं. पाया पडते तुमच्या. हे बघा, इथेच—

ताई : अगं, चिखल आहे! ऊठ. लोक बघतायत.

भावजय : बघू देत.

ताई : गेले होते मी. बेकरीतून रजा काढून, दारापर्यंत. तुझा नवरा माझ्या आधी येऊन पायरीवर बसलेला. म्हणाला, ‘ताई, आत गेलीस तर मी मशीनवर जाणं सोडीन. तुझ्या पोरींना बाप नाही. घरी सांग, जुळत नाही.’

भावजय : आणि तुम्ही ऐकलंत.

ताई : ऐकलं. सगळं त्याच्यावर कशाला ढकलू? परत फिरले तेव्हा मला हायसं वाटलं गं. तेव्हापासून त्याच्या तोंडाकडे बघवत नाही.

भाऊ : (धापा टाकत) किती पुढे आलात! आणि तुझे गुडघे कशाने माखले?

भावजय : त्यांच्या पोरींचा विचार केलास. माझा?

भाऊ : ताई... सांगितलंस?

भावजय : त्यांना नको विचारू, मला सांग! तू गेल्यावर मी काय करायचं, तेही ठरवलं असशील ना? सांग की! सकाळी उठून कुणासाठी पाणी मोजू?

भाऊ : रडू नकोस. अगं, ऐक ना...

ताई : सोमवारी मी जातेय. पोरींना आज घरी गेल्यावर सांगते.

भाऊ : ताई, मी मशीन—

ताई : सोड. बघतेच कसा सोडतोस. औषध पाजायला तुझं नाक दाबून धरायचे मी, विसरलास? अजून तेवढा जोर आहे हातात.

भाऊ : आणि डॉक्टरच नको म्हणाले तर?

भावजय : तर त्यांना म्हणू दे. तू नको म्हणूस.

भाऊ : ताई, भीती वाटते?

ताई : खूप.

भाऊ : मलाही.

भावजय : चला आता. ऊन उतरलं, गार वारा सुटलाय.

भाऊ : जरा सावकाश चला दोघी. मला तुमच्याबरोबर चालायचंय.